अक्कल उणे दोन

मिल्वॉकी, १४ मार्च १९८१

वेंडेल,

या जागी 'प्रिय' लिहायचा रिवाज आहे. आज तो मोडते आहे, आणि पुढेही मोडणार आहे.

काल शुक्रवार होता. बाबा नेहमीप्रमाणे झिग्मुंटच्या बारमध्ये मासे खायला निघाले. मीही गेले. तुझं पुस्तक त्यांनी काखेत धरलं होतं. जावयाने फाशांवर खेळायच्या साहसकथांच्या खेळाचं पुस्तक लिहिलं आणि त्या खेळात आपल्या घराण्याच्या नावावरून एक अख्खी जमात घातली, याचा त्यांना किती अभिमान होता हे तुला सांगायला नको. कुबियाकचे कुबारी. त्यांनी चित्र पाहिलं होतं फक्त. रुंद खांदे, झुपकेदार मिशा, हातात कुऱ्हाड. बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही आणि आपल्या लोकांबद्दल जावई वाईट कशाला लिहील?

बारमध्ये रूडी गेरलाख होता. तोंडाचा फाटका माणूस. त्याने पुस्तक बाबांच्या हातातून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "कुबारी. दणकट, इमानी, पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत. समजायला जड. बेरीज करताना बोटं मोजतात. प्रत्येक वाक्याला शेवटी 'एना?' जोडतात. ताकद अधिक दोन, अक्कल उणे दोन."

'हो ना?'च्या जागी वाक्याला 'एना?' जोडणारा माणूस त्या बारमध्ये एकच आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

झिग्मुंट चांगला आहे. त्याने मला विचारलं, "बर्नी, हे अधिक-उणे काय असतं गं?" मग मला ते बाबांच्या देखत समजावून सांगावं लागलं. खेळात आपला माणूस जन्माला घालायचा तर तीन फासे सहा वेळा टाकायचे. ताकद, चपळाई, चिवटपणा, अक्कल, शहाणपण, छाप. नशिबाने जे पडेल ते पडेल. मग माणूस कुठल्या जमातीचा ते ठरवायचं, आणि जमातीप्रमाणे त्या आकड्यांत भर घालायची किंवा वजा करायचं. रूडी बाबांकडे बोट करून म्हणाला, "म्हणजे काझिमिरच्या पोरांनी फासे कितीही चांगले टाकले तरी दोन कमीच! जावयाने नाव काढलं हं!" सगळे हसले. दिवा बदलायला किती पोलिश माणसं लागतात, असले विनोद या शहरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ते परके सांगायचे.

बाबांनी मासे अर्धे ठेवले. घरी येताना एकच बोलले, "वेंडेलला आपल्याकडचा कोबी आवडायचा, एना?"

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक ऐकले होते. तू वासे मोजलेस, वर त्यांना उणे दोन लावून छापलंस. दुसरी आवृत्ती शरद ऋतूत निघणार आहे आणि या वेळी ती देशभरच्या दुकानांत जाणार आहे, असं तुझी बायकोच, ल्युसिल, म्हणाली. ती ओळ काढ. मी विनंती करत नाहीये.

बर्नाडीन

•

२ एप्रिल १९८१

वेंडेल,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. बायकोच्या बहिणीला पत्र लिहायलाही तुला यंत्र लागतं, म्हणजे मोठा लेखक झालास म्हणायचा.

तू लिहितोस की हा 'समतोलाचा' प्रश्न आहे. एका जागी अधिक दिलं तर दुसऱ्या जागी उणे द्यावं लागतं, नाहीतर सगळी पोरं कुबारीच घेऊन बसतील. हा समतोल तुला कोणी शिकवला रे? विमा कंपनीत माणसं कधी मरतील याची गणितं करणाऱ्या बाईने शिकवला, तिच्या बापाच्या तळघरात बसून. 'कंदील आणि कुऱ्हाड' मधले सगळे आकडे मी मांडले. तू गोष्टी रचल्यास. पुस्तकावर तुझं नाव मोठं आणि माझं 'सहाय्य' म्हणून मागच्या पानावर, तेही मी गिळलं. पण दोन पानं तू मला न दाखवता परस्पर छापखान्यात दिलीस. एक कुबारींचं. दुसरं तुझ्या लाडक्या काळ्या कुलगुरूचं, तो मनोऱ्यात बसून लोकांची अक्कल खातो ते.

बरं, समतोलच म्हणतोस ना? मग चपळाईत उणे का नाही दिलं? बाबांचे गुडघे दुखतात, तेवढं तर खरं होतं. आणि तुझे ते उत्तरेकडचे हिमवंशी, उंच, निळ्या डोळ्यांचे, अगदी तुमच्या टॉलेफसन घराण्याचा फोटो काढावा तसे! त्यांना अक्कल अधिक एक, छाप अधिक एक. आणि उणे? मी पान उलटून उलटून शोधलं. 'उन्हात लवकर भाजतात.' वा रे वा! हे तुझं उणे!

शेवटी तू लिहिलंयस, "छापलं ते छापलं, बर्नी. छापलेला नियम पंचसुद्धा बदलू शकत नाही, मग मेहुणीची काय कथा." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

बाबा आता शुक्रवारी घरीच बसतात. विचारलं की म्हणतात, मासे पचत नाहीत.

बर्नाडीन

•

ईस्टरनंतरचा मंगळवार, २१ एप्रिल १९८१

वेंडेल,

ल्युसिल आमच्याकडे आहे आणि आमच्याकडेच राहणार आहे. तिने तुला फोन करून सांगितलं आहे, पण फोनवर तिने तुला काय सांगितलं नाही ते मी सांगते.

तिला दिवस गेलेत हे आम्हाला ईस्टरच्या जेवणात कळलं. आईने आनंदाने पिरोगीचं भांडं पाडलं. बाबांनी बाटली काढली. आणि मग ल्युसिलने टेबलाखालून तुझं पुस्तक काढलं, माझ्यासमोर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'मिश्र जमातीच्या संततीला दोन्हीकडचे अधिक-उणे निम्मे मिळतात.'

"बर्नी," ती म्हणाली, "तू गणितातली. माझ्या बाळाचं सांग."

मी म्हटलं, "अगं, खेळ आहे तो."

"वेंडेलही हेच म्हणाला," ती म्हणाली. "आधी त्याने हिशोब करून सांगितला. कुबारीकडून उणे एक, हिमवंशीकडून अधिक अर्धा, म्हणजे उणे अर्धा, तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि हसला. मग म्हणाला, अगं, खेळ आहे तो."

वेंडेल, तू माझ्या बहिणीच्या पोटातल्या बाळाची अक्कल मोजलीस. अर्ध्याने कमी. तुला वाटलं तू विनोद केलास. आई तर पाट्यावर वाटून खायला निघाली होती तुला. मीच तिला आवरलं, कारण मला वाटतं की ते काम मी जास्त नीट करू शकेन.

मी तुझं वाईट चिंतते आहे. तुला आडून आडून कळावं अशी माझी इच्छा नाही, म्हणून सरळ लिहिते.

बर्नाडीन

•

१९ जून १९८१

वेंडेल,

तुझ्या मेळाव्याचं पत्रक पाहिलं. ऑगस्टमध्ये, रॅसीनला, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. 'काळ्या कुलगुरूचा मनोरा. आजवर कोणीही जिंकलेलं नाही. जिंकणाऱ्या संघाला दुसऱ्या आवृत्तीत हव्या त्या पानावर हवी ती एक ओळ छापून मिळेल.' छान कल्पना आहे. लोक झुंडीने येतील.

मीही येईन म्हणते. राग किती दिवस धरायचा? शेवटी नातं आहे. बाबांनाही घेऊन येईन, त्यांना जरा बाहेर पडायला हवं. जिंकायचं वगैरे काही डोक्यात नाही, तुझा मनोरा कोण जिंकणार! सगळे हुशार मांत्रिकांचे संघ घेऊन येतात, कारण तिथले दरवाजे अक्कल असल्याशिवाय उघडत नाहीत, आणि मग तुझा कुलगुरू त्याच हुशार लोकांची अक्कल खाऊन त्यांना मारतो. खरंच चलाखीने रचलं आहेस.

एकच विचारायचं होतं. पंच तूच असणार. पुस्तकात छापलेले नियमच चालतील ना, शब्द न् शब्द? की आयत्या वेळी काही बदलशील? नवख्या लोकांना घेऊन येते आहे, म्हणून आधी विचारून ठेवते. कार्डावर एक ओळ टाकलीस तरी पुरे.

ल्युसिल बरी आहे. तिला डाळिंबं खावीशी वाटतात, इथे ती कुठून आणायची?

बर्नाडीन

•

२४ ऑगस्ट १९८१

वेंडेल,

तू तिथे होतास. काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मी सगळं लिहिणार आहे, कारण मला ते लिहिताना फार सुख होतं.

बाबांना तयार करायला मला पंधरवडा लागला. "बुद्दू लोकं घेऊन कोण जिंकतं, बर्नी? तिथे शिकलेली पोरं असतील. हसतील." मी म्हटलं, हसू देत. ते म्हणाले, "झिग्मुंटकडे हसले ते पुरे नाही का?" मग ल्युसिल उठली आणि म्हणाली, "बाबा, मी येतेय. माझ्यासाठी या." मग ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, चर्चला जावं तसे.

आम्ही तिघं टेबलाशी बसलो आणि सहा कुबारी मांडले तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर दया होती. दया! तू बाबांना म्हणालास, "सासरेबुवा, एखादा मांत्रिक तरी घ्या, दरवाजे कसे उघडाल?" तुझ्यासमोर आमचे फासे पडले होते, तुझ्यासमोर आम्ही प्रत्येकाच्या अकलेतून दोन वजा केले. सहाच्या सहा कुबारींचा अकलेचा अधिकांक, म्हणजे आकडा सरासरीच्या किती वर किंवा खाली तो हिशोब, उण्यात गेला. मागे उभी असलेली पोरं फिदीफिदी हसत होती.

पहिला दरवाजा आला. तू कोडं वाचलंस, मोठ्या थाटात, आवाज खाली आणून. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दार लाकडाचं आहे ना? मग तोडतो." ताकद अधिक दोन. दार तुटलं. दुसरं कोडं तू जरा भरभर वाचलंस. तेही तोडलं. चौथ्या दाराला तर तू कोडं वाचलंच नाहीस, नुसता बाबांकडे बघत राहिलास. तोवर हसणारी पोरं आमच्या खुर्च्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

मग कुलगुरू. पहारेकऱ्यांनी आम्हाला चांगलं झोडपलं होतं, ल्युसिलचा एक कुबारी मरायला टेकला होता. तू सरसावून बसलास. "कुलगुरू बुद्धिभक्षण करतो," म्हणालास आणि फासा टाकलास. चार.

मी तुझ्या पुस्तकाचं पान उघडून मोठ्याने वाचलं. 'समोरच्याच्या अकलेचा अधिकांक फाशाने गुणावा आणि येईल ती संख्या त्याच्या प्राणांतून वजा करावी.' मग बाबांना म्हटलं, "तुमच्या माणसाचा अधिकांक उणे दोन. चारने गुणला, उणे आठ. प्राणांतून उणे आठ वजा करा."

बाबा बोटांवर मोजायला लागले. हो, बोटांवर. सगळा हॉल वाट बघत होता. मग त्यांनी मान वर केली. "बर्नी, हे वाढतंय. हा मला मारतोय का औषध देतोय?"

वेंडेल, तुझा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि मला विसरायचाही नाही.

"थांबा, थांबा," तू म्हणालास. "शून्याच्या खाली धरायचं नसतं. उघड आहे ते."

"कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

तू पानं उलटलीस. पुढे, मागे, परत पुढे. तुझे कान लाल झाले. ते पान मला दाखवलं असतंस तर मी चहा पिता पिता ती चूक काढून दिली असती. उणे वजा केलं की भर पडते, हे शाळेतलं पोर सांगेल. पण तुझ्या डोक्यात कधी आलंच नाही की कुबारी मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत पोचतील. अकलेत उणे असलेला माणूस तिथवर येईल आणि तुझ्या कुलगुरूला आपलं डोकं खायला देईल, हे तू कल्पनेतसुद्धा आणलं नाहीस. म्हणून तू नियम लिहिताना त्याचा विचार केला नाहीस. चूक गणिताची नव्हती, वेंडेल. चूक तुझ्या नजरेत होती.

"पंच म्हणून मी असं ठरवतो की..." तू सुरुवात केलीस, आणि मी तुझं कार्ड टेबलावर ठेवलं. जूनमधलं. तुझ्या हाताने लिहिलेलं, या वेळी टाइप न केलेलं. मागे उभ्या एका पोरीने ते वाचलं आणि ओरडली, "छापलं ते छापलं!" मग दुसरा ओरडला. मग सगळा हॉल. कुलगुरू जितकी अक्कल खायचा तितके आमचे कुबारी ताजेतवाने व्हायचे. बाबा तर शेवटी त्याला म्हणाले, "अजून खा की रे, पोट भरलं का?" आणि कुऱ्हाड घातली.

तू ल्युसिलकडे पाहिलंस. ती सात महिन्यांचं पोट टेबलाला टेकवून बसली होती. "ल्यू, तू तरी सांग," म्हणालास. ती म्हणाली, "तुझं पुस्तक आहे. वाच ना."

मी जिंकले याचा मला आनंद आहे. तू सगळ्यांसमोर हरलास याचा त्याहून जास्त आहे. हे चांगलं नाही असं आई म्हणते. नसेल.

ओळ कोणती हवी ते मी छापखान्याला कळवते.

बर्नाडीन

•

२ नोव्हेंबर १९८१

वेंडेल,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात तू 'प्रिय बर्नी' लिहिलं आहेस आणि 'माझ्याकडून चूक झाली' असंही. तुझं म्हणणं कळलं. तू कुबारींचा उणे दोन स्वतःहून काढायला तयार आहेस, मिश्र संततीचा नियमही काढशील, माझं नाव पुढच्या पानावर तुझ्या नावाइतकं मोठं छापशील, पण मी माझी ओळ मागे घ्यावी.

सगळ्यांना वाटलं होतं मी तो उणे दोन खोडायला लावीन. बाबांनाही तसंच वाटलं. मी दोन आठवडे विचार केला. खोडलं असतं तर काय झालं असतं? नव्या पुस्तकात पान कोरं झालं असतं आणि तू म्हणाला असतास, बघा, मी किती मोठ्या मनाचा. जुनी पुस्तकं दुकानांत, पोरांच्या दप्तरांत, रूडी गेरलाखच्या टेबलावर तशीच राहिली असती. नाही. तो उणे दोन राहू दे. फक्त तो जिथे शोभतो तिथे जाऊ दे.

नव्या आवृत्तीची पहिली प्रत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आली. कुबारींच्या पानावर 'अक्कल उणे दोन' तसंच आहे आणि त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत:

'हे दोन गुण कुबारींच्या अकलेतून वजा करू नयेत. ज्याने हा नियम लिहिला, तो ज्या टेबलाशी खेळायला बसेल तिथे त्याच्या अकलेतून करावेत.'

छापलं आहे. देशभरच्या दुकानांत गेलं आहे. मेळाव्यातल्या पोरांनी तर पाठच केलं आहे म्हणे. गेल्या आठवड्यात मॅडिसनला तू कुठल्याशा टेबलाशी बसलास आणि एका शाळकरी मुलीने तुझा आकड्यांचा कागद ओढून घेऊन अकलेतून दोन खोडले, हे मला तुझ्याच तिसऱ्या पत्रातून कळलं. तू लिहितोस की तुला रडू आलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मला वाईट वाटेल अशी वाट पाहिली. वाटलं नाही.

बाबा झिग्मुंटकडे परत जायला लागले आहेत. पुस्तक काखेत असतंच. रूडीकडूनच ती ओळ मोठ्याने वाचून घेतात, दर शुक्रवारी, आणि तो बिचारा वाचतो.

ल्युसिलला मुलगी झाली. गोरीपान, रुंद खांद्यांची, घसा मोठा. नाव तुला ल्युसिल कळवेल, कळवायचं असेल तर. रविवारी बाप्तिस्मा आहे, सेंट हेडविगमध्ये, मग घरी जेवण. तुला बोलवायचं हे बाबांनी ठरवलं. मी विरोध केला. आई म्हणाली, "पोरीच्या बापाला दारातून परत पाठवायचं? मग तो म्हणतो तसे बुद्दूच आहोत आपण." तुझी खुर्ची ल्युसिलने स्वतः पुसली.

तेव्हा ये. कोबी असेल. बाबा तुला मिठी मारतील, तेव्हा कृपा करून बोलू नकोस, नुसता उभा राहा. त्यांनी तुला माफ केलं आहे. ते त्यांचं शहाणपण. माझ्या वाट्याला फासे टाकताना अक्कल बरी पडली, शहाणपण कमी पडलं. मी तुला माफ केलेलं नाही, करणार नाही, आणि टेबलाच्या बरोबर समोरच्या बाजूला मी बसणार आहे.

बर्नाडीन कुबियाक